अपवादाने नियम सिद्ध होतो, तो कसा काय?

तिरफळ

अग्रलेख, टीव्हीवरच्या चर्चा आणि घरातली भांडणं, तिन्ही ठिकाणी हमखास फेकलं जाणारं एक वाक्य आहे: "अपवादाने नियम सिद्ध होतो." मूळ इंग्रजी, 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल'. मराठीत ते इतकं मुरलंय की उसनं आणलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

वापर साधारण असा होतो.

"आंबा खावा तो कोकणातलाच."
"जुनागढचा केसर खाल्लायस कधी?"
"हां, पण अपवादाने नियम सिद्ध होतो."

आणि केसरवाला गप्प.

का गप्प? हापूसवाल्याने नियम मांडला, केसरवाल्याने तो मोडणारं उदाहरण दिलं. भूमितीच्या तासाला असं झालं असतं तर प्रमेय फळ्यावरून पुसलं असतं. इथे उलट हापूसवाल्याचीच बाजू भक्कम झाली म्हणे. मग केसरच्या जोडीला लंगडा, दशेरी, बदामी आणि चौसा आणून ठेवले, तर नियम पाचपट सिद्ध होईल का?

१६९७ मध्ये विलेम द व्लामिंग हा डच दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला आणि त्याला काळे हंस दिसले. तोवर युरोपात 'काळा हंस' म्हणजे आपल्याकडचं सशाचं शिंग. त्या दिवशी 'हंस पांढरेच असतात' हा नियम सिद्ध झाला की मेला?

तर प्रश्न असा, की ही म्हण मुळातच चक्रम आहे, की आपण ती चक्रमासारखी वापरतो? जाणकारांनी उजेड पाडावा.

दीडशहाणा

सोपं आहे हो. इथे 'प्रूव्ह' म्हणजे सिद्ध करणं नाहीच. जुना अर्थ पारखणं, कस लावणं. छापखान्यात प्रूफ काढतात ते चुका पकडायला. ओडिशात बालासोरजवळ चांदीपूरला तोफा आणि दारूगोळा डागून बघणारी जी सरकारी संस्था आहे, तिच्या नावातसुद्धा 'प्रूफ' आहे. 'पुडिंगचं प्रूफ खाण्यात' म्हणतात तेही तेच, खाल्ल्याशिवाय कळत नाही.

म्हणजे अपवाद नियमाची परीक्षा घेतो, एवढंच. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सने 'द डेव्हिल्स डिक्शनरी'त शंभर वर्षांपूर्वीच हे सांगून अडाण्यांची टर उडवलेली आहे. मराठीत कुणीतरी शब्दाला शब्द ठेवला आणि सगळे तेच घोकत बसले. धागा बंद करायला हरकत नाही.

उतारा_नको

दीडशहाणा +१. बाटलीवरचं प्रूफही त्यातलंच. रमच्या लेबलावर ४२.८ टक्के का, ४० किंवा ४५ का नाही, असा प्रश्न पडलाय का कुणाला? ब्रिटिश हिशेबात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याचे पाऊण करा, ४२.८ येतं. म्हणजे ७५ प्रूफ. म्हणूनच लेबलांवर '२५ अंडर प्रूफ' असं छापलेलं असायचं.

अभ्यास वाया जात नाही कधी.

घाटपायथा

रुमाल टाकून ठेवते. 'अपवाद आहेस गं तू' हे आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला इथे बरंच लिहायचंय. रात्री येते.

परंतुक

दीडशहाणा, धागा इतक्यात बंद नका करू. 'प्रूव्ह म्हणजे पारखणे' ही व्युत्पत्ती शब्दापुरती बरोबर आहे, या म्हणीपुरती नाही. म्हण वकिलांची आहे आणि लॅटिनमध्ये पूर्ण आहे ती अशी: 'एक्सेप्टिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नोन एक्सेप्टिस'. ज्या बाबींना अपवाद केलेला नाही, त्या बाबींत अपवाद हा नियमाचा पुरावा असतो. शेपूट गळून पडलं आणि उरलेलं धड जगभर फिरतंय. सगळा घोळ त्या गळलेल्या शेपटाचा आहे.

यामागचा युक्तिवाद रोमचा नामांकित वकील आणि वक्ता सिसेरो याचा. इ. स. पू. ५६. बाल्बुस नावाचा माणूस, गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिझचा. रोमन सेनापती पाँपेने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं. विरोधकांनी खटला भरला की गादेस हे रोमशी तह केलेलं शहर आहे, त्या शहराच्या संमतीशिवाय तिथल्या माणसाला नागरिक करता येत नाही. सिसेरो बाल्बुसच्या बाजूने उभा राहिला. तो म्हणाला, केनोमानी, इन्सुब्रेस, हेल्वेती यांच्याशी आपले जे तह आहेत, त्यांत 'यांच्यातल्या कुणाला रोमने नागरिक करून घेऊ नये' असं स्पष्ट कलम आहे. तिथे मुद्दाम मनाई लिहावी लागली, याचा अर्थ जिथे ती लिहिलेली नाही तिथे मोकळीक आहे. गादेसच्या तहात असं कलम नाही. बाल्बुस सुटला. पुढे इ. स. पू. ४० मध्ये तो रोमचा कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च अधिकारी झाला, इटलीबाहेर जन्मून त्या पदावर पोचलेला पहिला माणूस. म्हणीने करिअर केलं त्याचं.

आता मुंबई लोकलकडे या. काही डब्यांवर 'चोवीस तास महिलांसाठी' असं रंगवलेलं असतं. ते वाचल्यावर गाडीत पहिल्यांदा बसणाऱ्यालाही कळतं, की बाकीचे महिला डबे चोवीस तास महिलांचे नसणार, रात्री कधीतरी ते सर्वांना खुले होत असणार. तो नियम त्या डब्यावर कुठेच लिहिलेला नाही, तरी अपवादाच्या पाटीने सांगून टाकला. 'सम तारखेला या बाजूस पार्किंग' या पाटीचंही तसंच, विषम तारखेचं काय ते वेगळं लिहावं लागत नाही.

इथे पारखणंबिरखणं काही नाही. सिद्ध करणंच आहे. फक्त जो नियम सिद्ध होतो तो अपवादाच्या *बाहेरचा*.

मुद्रितशोधक

परंतुक यांच्याशी शंभर टक्के सहमत. (दीडशहाणा, प्रूफाचं उदाहरण आमच्या पोटावर पाय देणारं आहे, पण बरोबर आहे.)

इंग्रजी वापराचा पंच म्हणून ज्याला मानतात त्या फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात याच म्हणीवर सविस्तर लिहिलंय. त्याचं उदाहरण बराकीचं आहे. 'आज रात्री जवानांना अकरापर्यंत बाहेर राहण्याची खास परवानगी' असा हुकूम निघाला. त्यावरून काय कळतं? की एरवी त्यांना त्याआधी परतावं लागतं. त्याच्या मते हाच मूळ आणि निर्दोष अर्थ, आणि बाकीचे अर्थ त्यापासून ढळत गेलेले.

आपल्या घरातलं उदाहरण देतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहावा, आणि 'आणि' व 'नि' ही अव्ययं मात्र ऱ्हस्व, असं सांगितलंय. समजा एखाद्याला मूळ नियम माहीतच नाही, पण एवढंच कानावर पडलं की 'आणि' आणि 'नि' हे दोन शब्द ऱ्हस्वान्त लिहायची सूट आहे. तरी तो 'पाणी', 'गाणी', 'लोणी' दीर्घ लिहील की नाही? लिहील. अपवादाने नियम शिकवला.

('परंतु', 'तथापि' वगैरे तत्सम अव्ययांचं काय, असं विचारायला कुणीतरी येईलच. त्यांनाही नियमात नाव घेऊन सूट दिलेली आहे.)

वऱ्हाडी_ठेचा

हे म्हणजे कसं झालं बाप्पा, की सासऱ्यानं म्हणावं, "जावईबापू, आज तुम्ही बसा, भांडी मी घासतो." आज!

तिरफळ

😂 ठेचा, धाग्याचा निकाल तुम्हीच लावलात.

परंतुक आणि मुद्रितशोधक, छान उलगडलं. म्हणजे कुणीतरी *केलेला* अपवाद आणि जगात *सापडलेला* अपवाद या दोन वेगळ्या चिजा आहेत. पाटी रंगवणारा, तह लिहिणारा, हुकूम काढणारा कुणीतरी असतो, त्याच्या मनात नियम आधीपासून असतो, म्हणून तो सूट देतो. सुटीवरून आपण त्याच्या मनातला नियम ओळखतो. काळा हंस कुणी सूट म्हणून काढलेला नव्हता. केसरलाही कुणी 'बाबा रे, तू तेवढा गोड राहा' अशी परवानगी दिली नव्हती.

मग हापूसवाल्याचं चुकलंच म्हणायचं.

मूलद्रव्य

मी विज्ञान शिकवते, तर दीडशहाणांच्या 'पारखणे'ची थोडी बाजू घेते. म्हणीचा इतिहास वकिलांचा असेल, पण आमच्या धंद्यात पारखण्याचा अर्थच कामाला येतो.

विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये युरेनस शोधला. पुढच्या काही दशकांत लक्षात आलं की हा ग्रह न्यूटनच्या गणिताने जिथे असायला हवा तिथे नसतो. नियमाला अपवाद! लवेरिये या फ्रेंच गणितज्ञाने नियम टाकला नाही. त्याने गृहीत धरलं की पलीकडे आणखी एक ग्रह असणार आणि तो युरेनसला ओढत असणार. त्याची जागा कागदावर काढून बर्लिनच्या वेधशाळेला पत्र पाठवलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तिथल्या गालेने दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. अपवादाने नियमाचा कस लावला, नियम बावनकशी निघाला.

हुरूप आलेल्या लवेरियेने बुधाकडे मोर्चा वळवला. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू थोडा जास्तच सरकत होता. आजच्या आकड्यात शंभर वर्षांत ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या ऐंशीव्या भागाएवढा. नगण्य वाटावा असा. १८५९ मध्ये त्याने तीच युक्ती केली, सूर्याजवळ आणखी काहीतरी असणार म्हणाला. त्या ग्रहाचं 'व्हल्कन' असं बारसंही झालं. लोकांनी शोध शोध शोधला. नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतातून ते ४३ आपोआप बाहेर पडले. इथे अपवादाने नियमाचा कस लावला आणि न्यूटनचा नियम अपुरा निघाला.

माणूस तोच, युक्ती तीच, निकाल उलटे. म्हणून अपवाद दिसल्यावर 'नियम सिद्ध झाला' असं आधीच म्हणून टाकणारा माणूस मला वर्गात नको असतो. दुर्बीण लावेपर्यंत थांबा की.

दहावीच्या मुलांना पाण्याचं असंगत आचरण शिकवताना दर वर्षी एक तरी मूल म्हणतंच, "बाई, अपवादाने नियम सिद्ध होतो ना?" थंड केल्यावर पदार्थ आकुंचन पावतात, पाणी मात्र ४ अंशांच्या खाली प्रसरण पावतं. यातून 'पदार्थ आकुंचन पावतात' हे कुठे सिद्ध झालं? यातून एवढंच कळतं की पाण्याच्या रेणूंचं काहीतरी वेगळं गणित आहे आणि ते शोधलं पाहिजे.

दीडशहाणा

बघा! विज्ञानाची साक्ष आली माझ्या बाजूने.

परंतुक

आली, पण म्हणीच्या इतिहासाबद्दल नाही. पारखण्याचा अर्थ उपयोगी आहे, सुंदर आहे, आणि या म्हणीला तो नंतर चिकटवलेला आहे. तिन्ही एकदम खरं असू शकतं, साहेब.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात मी जे ऐकतो ते सांगतो. नुसतं 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' फार कमी. जास्त चालतं ते 'ही इज द एक्सेप्शन दॅट प्रूव्ह्ज द रूल', एखाद्या माणसाकडे किंवा वस्तूकडे बोट दाखवून. ऑफिसात सगळे चहावाले, एकटा कॉफीवाला, त्याला हे म्हणतात. ऊन पडलं की हवेला म्हणतात. बहुतेकदा गमतीने, भुवई किंचित वर करून. त्यात तर्क नसतो, 'बघा, हा एकच आहे, म्हणजे बाकी सगळे कसे ते ओळखा' एवढाच भाव. वाद घालताना कुणी गंभीरपणे वापरलं तर समोरचा लगेच 'पण ते तसं नसतं' म्हणून पाँपेपासून सुरुवात करतो. परंतुक इथे आले तर त्यांना पबमध्ये बरीच संगत मिळेल.

लेखी इंग्रजीत सावध राहा. कायद्याच्या किंवा संशोधनाच्या मजकुरात हे वाक्य दिसलं तर वाचणारा ते आपल्याला सोयीच्या अर्थाने घेतो. पुराव्याच्या जागी तर टाकूच नये.

पस्पशा

इतकी चर्चा झाली आणि पतंजलींचं नाव नाही, हे काही बरं नाही.

सिसेरोच्या सुमारे शंभर वर्षं आधी, इ. स. पू. दुसऱ्या शतकात, पाणिनीच्या व्याकरणावरच्या त्यांच्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, हा युक्तिवाद जसाच्या तसा आहे. प्रश्न असा, की व्याकरणाने शुद्ध शब्द शिकवावेत, अशुद्ध शिकवावेत, की दोन्ही? पतंजली म्हणतात, एक शिकवलं की दुसरं आपसूक कळतं. आणि दाखले देतात खाण्याचे.

*पञ्च पञ्चनखा भक्ष्याः।* पाच नखांचे पाच प्राणी खाण्याजोगे, असं म्हटलं की समजतं की त्यांखेरीजचे पाच नखांचे प्राणी खायचे नाहीत.

*अभक्ष्यो ग्राम्यकुक्कुटः।* गावातला कोंबडा खाऊ नये, असं म्हटलं की समजतं की रानातला चालतो.

गावकोंबड्याचं वाक्य आणि सिसेरोचा तह, दोन्हींत काही फरक दिसतोय का? जिथे मनाई मुद्दाम लिहिली, तिच्या बाहेर मोकळीक.

निवाडा काय झाला तेही सांगतो, कारण तो फार व्यवहारी आहे. शुद्ध शब्दच शिकवावेत, कारण त्यात कष्ट कमी. एका 'गौः' (गाय) या शब्दाचे लोक गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे किती अपभ्रंश करतात, ते कुठे मोजत बसायचे!

पाच नखांच्या वाक्याचा सर्वांत भारी वापर मात्र वालीने केलाय. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो, तू मला मारलंस कशासाठी? माझं कातडं सज्जन पांघरत नाहीत, माझी हाडं वर्ज्य. आणि मांस? ब्राह्मण-क्षत्रियांना पाच नखांचे पाचच प्राणी चालतात, शल्यक, श्वाविध, गोधा, ससा आणि पाचवं कासव. (पहिले दोन साळिंदराच्या जातकुळीतले, गोधा म्हणजे घोरपड.) मी पाच नखांचा, पण त्या पाचांत नाही. म्हणजे मी अभक्ष्य. मग शिकार तरी कसली केलीस?

छातीत बाण आणि तोंडी परिसंख्या! मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे पंडित, याला परिसंख्याच म्हणतात, काही गोष्टींची नावं घेऊन बाकीच्या वगळणं.

व्याकरणात याच्याही पुढची एक गोष्ट आहे, ज्ञापक. पाणिनी एक अक्षर वाया घालवत नाही असं गृहीत धरायचं. मग एखादं सूत्र बिनकामाचं दिसलं, तर ते बिनकामाचं ठरू नये म्हणून मागे कुठलातरी न सांगितलेला नियम असला पाहिजे, असं अनुमान काढायचं. ते सूत्र त्या नियमाचं ज्ञापक. असे नियम नागेशभट्टांनी परिभाषेन्दुशेखरात गोळा करून तपासले. आडनाव काळे, मराठी माणूस, आयुष्य काशीत गेलं. आणि त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न या जर्मन पंडिताने.

महाभाष्याचं वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचं मराठी भाषांतर आहे. मिळालं तर पहिलं आह्निक जरूर वाचा, पतंजली गप्पा मारल्यासारखे लिहितात.

तिरफळ

दंडवत घ्या. _/\_

वालीचं तर डोक्यातच नव्हतं.

मडगांवकर

एक प्रामाणिक शंका. गावातला कोंबडा नको म्हटलं म्हणजे रानातला चालतो, हे कशावरून? कदाचित रानकोंबड्याचा विषयच निघाला नसेल. हॉटेलाच्या दारात 'कुत्र्यांना प्रवेश नाही' लिहिलंय म्हणून मी अस्वल घेऊन आत गेलो तर?

परंतुक

मडगांवकर, बरोबर जागी पकडलंत. हे अनुमान आपोआप निघत नाही. न्यायालयंसुद्धा ते जपून वापरतात. एका गोष्टीचा उल्लेख केला म्हणजे दुसरी वगळली, हे तत्त्व कायद्यात आहे, पण ते चांगला नोकर आणि वाईट मालक आहे असं जुने न्यायाधीश म्हणत आलेत.

बघायचं एवढंच, की बाकीच्या बाबतीत नियम उलटा नसता तर हे वाक्य लिहायची गरज पडली असती का? महिला डबे सगळेच चोवीस तास असते तर एकावरच 'चोवीस तास' रंगवलं नसतं. ती पाटी फुकट गेली असती. पस्पशांनी सांगितलेलं ज्ञापक हेच. कुत्र्यांच्या पाटीचं तसं नाही. अस्वलाला बंदी असली तरी ती पाटी फुकट जात नाही, कारण लोक कुत्री आणतात, अस्वलं आणत नाहीत.

अमेरिकेच्या घटनेत तर या अनुमानाला थेट कुलूप घातलंय. नागरिकांच्या हक्कांची यादी करायला घेतली तेव्हा लोक म्हणाले, उद्या कुणी म्हणेल की यादीत नाही तो हक्कच नाही. म्हणून १७९१ च्या नवव्या दुरुस्तीत लिहून ठेवलं, की इथे काही हक्क मोजले म्हणून लोकांचे उरलेले हक्क नाकारले असा अर्थ काढू नये. वालीचा युक्तिवाद इथे चालणार नाही, अशी पाटीच लावली.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर अब्रुनुकसानीचं. दंड संहितेचं कलम ४९९, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३५६. खाली दहा अपवाद. पहिला अपवाद सांगतो की खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर ती अब्रुनुकसानी नव्हे. बरेच पत्रकार आणि समाजमाध्यमांवरचे शूरवीर अर्धंच वाचतात, "खरं आहे ना, मग काय बिघडलं?" अपवाद नीट वाचा. खरेपणा *आणि* लोकहित, दोन्ही मागितलंय. म्हणजे फौजदारी कायद्यात नुसतं खरं असणं पुरत नाही. हा नियम कलमात या शब्दांत कुठेच नाही, अपवादातूनच कळतो. शेजाऱ्याचं लफडं खरं असलं तरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, एवढा फुकट सल्ला.

उतारा_नको

सोसायटीच्या ग्रुपवरून आत्ताच एक पोस्ट डिलीट केली. आभारी आहे.

घाटपायथा

आले. रुमाल उचलते.

सगळ्यांनी कायद्याचं आणि ग्रहांचं लिहिलं. मला लीड्सकर म्हणतात त्या तिसऱ्या अर्थाबद्दल लिहायचंय, 'हा एकच आहे, म्हणजे बाकी कसे ते ओळखा'. तो अर्थ मला वाटतो तितका टाकाऊ नाही. कुणाच्या तोंडी आहे त्यावर ठरतं.

साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वे चालवायला लागल्या. त्या निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बातमीत 'पहिली महिला लोको पायलट' होतंच. त्या मथळ्याने काय सिद्ध केलं? की इंजिनात बाई नसते हा नियम होता. पुरुष चालकाची बातमी होत नाही. बातमी झाली याचाच अर्थ नियम जागा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, त्यांचं जे कौतुक आणि जी निंदा झाली, त्यावरून बाकीच्या मुलींचं काय चाललं होतं ते बरोबर कळतं. इथे अपवाद नियमाचा पुरावा आहे, आणि चांगला पुरावा आहे. पाटी नाही, तह नाही, पण समाजाचं चकित होणं हीच पाटी.

आता हेच वाक्य दुसऱ्या तोंडून ऐका. "बायकांना गणित जमत नाही." "मी गणिताची प्राध्यापक आहे." "तू अपवाद गं, अपवादाने नियम सिद्ध होतो." इथे नियम कुठल्याही पाटीवर नव्हता, तह नव्हता, समोरच्याच्या डोक्यात होता. आणि तो मोडणारा पुरावा समोर बसलेला असताना त्यालाच नियमाचा साक्षीदार केलं. वर ती माझी स्तुती! या जागी दुसरी बाई आणली तर तीही अपवाद, तिसरी आणली तर तीही. तिरफळ, तुमचे पाच आंबे हेच.

पहिल्या प्रकारात 'बायकांना येऊ दिलं जात नाही' हे सिद्ध होतं. दुसऱ्या प्रकारात 'बायकांना येत नाही' हे सिद्ध झाल्याचा आव असतो. वाक्य एकच.

मूलद्रव्य

घाटपायथा, कडक. तत्त्वज्ञानात याचा सख्खा भाऊ आहे, अँटनी फ्लू यांनी नाव दिलेला 'खरा स्कॉट्समन'. "कुठलाही स्कॉट्समन असं करत नाही." "पण त्याने केलं." "मग तो खरा स्कॉट्समन नव्हेच." एकात अपवादाला घराबाहेर काढतात, दुसऱ्यात त्याला घरात ठेवून त्याची साक्ष फिरवतात.

दीडशहाणा

ठीक. 'केलेला अपवाद', 'पारखणारा अपवाद' आणि 'बातमी होणारा अपवाद' असे तीन मान्य. हापूसवाला या तिन्हींत बसत नाही हेही मान्य. पण मराठीत हे वाक्य इतकं रुळलंय की आता ते कोण बदलणार? त्यातून 'अपवाद'ला आपल्याकडे आधीच निंदेचा वास. लोकापवादाने सीता वनात गेली.

मुद्रितशोधक

बदलायला नको, मजकूर तपासताना मी एक करतो. लेखकाने हे वाक्य लिहिलं असेल तर समासात विचारतो, 'सूट कुणी दिली?' उत्तर असेल तर वाक्य राहतं. नसेल तर बहुतेक वेळा 'एखाददुसरा अपवाद वगळता' एवढ्याने काम भागतं, आणि ते जास्त प्रामाणिकही असतं. लेखक चिडतात. चिडू देत.

वऱ्हाडी_ठेचा

मराठीत बसवायचंच असंल तर माह्याकडून घ्या: 'सूट सांगते सक्ती'. रॉयल्टी नको, पोहे चालतीन, वरून तर्री टाका.

पस्पशा

ठेचा, हे सूत्रच झालं की! अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो म्हणतात, तुम्ही तर अख्खं शेपूट आत बसवलंत.

मडगांवकर

माझं अस्वल अजून दारातच आहे, पण क्रिकेटचं एक विचारतो. नो-बॉलवर फलंदाज बाद होत नाही, पण धावबाद होऊ शकतो. हा सिसेरोचा अपवाद की हंसाचा?

परंतुक

सिसेरोचाच, अगदी चोख. नियमात लिहिलंय की नो-बॉलवर फलंदाज तीनच कारणांनी बाद होतो: धावबाद, चेंडू दोनदा मारणं आणि क्षेत्ररक्षणात अडथळा. 'यष्टिचीत होत नाही' असं वेगळं सांगावंच लागत नाही, तीन नावं घेतली तिथेच ते निकाली निघालं. पाच नखांचे पाच, तसे नो-बॉलचे तीन.

मडगांवकर

मग नो-बॉलवर पुढे जाऊन फटका हुकला, धाव घ्यायचा प्रयत्नही नाही, आणि यष्टिरक्षकाने यष्ट्या उडवल्या तर?

परंतुक

नाबाद. धाव घ्यायचा प्रयत्न नसेल आणि दुसऱ्या क्षेत्ररक्षकाचा हात लागलेला नसेल तर यष्टिरक्षक त्याला मागल्या दाराने धावबादही करू शकत नाही, नियमात तशी वेगळी तरतूद आहे. पण धाव घ्यायला निघाला असेल तर गेला.